वाटणीचा व्हिडिओ : महालातल्या वाड्यात फाउंड फुटेज भयपट करताना

पावणेपाच लाख रुपये, सहा रात्री, नऊ माणसांचं युनिट आणि नागपूरच्या महाल भागातला एक रिकामा वाडा. एवढ्या भांडवलात सव्वा तासाचा भयपट करायचा म्हटलं की फाउंड फुटेज, म्हणजे पात्रांनीच घेतलेलं आणि नंतर सापडलेलं चित्रण असल्यासारखा चित्रपट, हा प्रकार सगळ्यात आधी सुचतो. लाइटचा ट्रक नको, क्रेन नको, महागडा कॅमेरा तर नकोच. पात्रांच्याच हातात फोन द्यायचा. कागदावर हिशेब बरोबर दिसतो. प्रत्यक्षात चित्रावर वाचलेला पैसा आवाजात, रिटेकमध्ये आणि जुळवाजुळवीत निघून जातो. तो कुठे जाणार हे आधी ठरवलं नसेल, तर शूट तिसऱ्या रात्री अडकतं.

खालचं प्रकरण कुठल्या एका युनिटचं नाही. या मापाच्या युनिटांना हमखास येणाऱ्या अडचणी एका शूटमध्ये आणून मांडल्या आहेत आणि आकडेही त्याच मापाचे धरले आहेत.

कॅमेरा चालू का राहतो?

कथा अशी. वाडा विकायला निघालाय. ताबा देण्याआधी तीन चुलत भावंडं आतलं सामान मोजायला तिथे मुक्कामाला येतात. पुण्यातल्या मोठ्या भावाची अट एकच: गंगाळापासून चमच्यापर्यंत सगळं व्हिडिओत हवं आणि व्हिडिओ मध्ये कुठेही बंद व्हायला नको. माळ्यावर एक जुना हँडीकॅम आणि टेपा सापडतात. शिवाय तांब्या-पितळेची भांडी चोरीला जायला लागली म्हणून घरच्यांनी आधीच चार सीसीटीव्ही कॅमेरे बसवलेले आहेत.

भूत समोर उभं असताना माणूस शूटिंग का करत राहतो, या प्रश्नावर या प्रकारातले निम्मे चित्रपट आपटतात. ‘लोकांना सत्य दाखवायचंय’ हे उत्तर आता कोणाला पटत नाही. इथे उत्तर भाऊबंदकीत आहे, आणि ज्याच्या घरात एकदा तरी वाटणी झालीय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. संवादही त्यातूनच निघाले:

“काहून बे, चालू हाये ना?”
“चालूच हाये. बंद केला तं दादा म्हणन, मधात गंगाळ कुठी गेलं.”

छापील संहिता फक्त २८ पानांची होती. बाकीचं काम सामानाच्या यादीने केलं. कुठल्या खोलीत कोणती वस्तू, ती कोण उचलतो, मोजताना कोणता आकडा म्हणतो आणि दुसऱ्या रात्री त्यातलं काय कमी-जास्त भरतं, हे सगळं यादीत होतं. संवाद उत्स्फूर्त असले तरी आकडे पाठ हवेत, कारण ‘काल सात तांबे होते, आज आठ कसे?’ हाच भीतीचा धागा आहे. कलाकारांना एक बंधन मात्र कडक होतं: जे फ्रेममध्ये दिसतंय ते तोंडाने सांगायचं नाही. अंधारात घाबरलेला नट ‘अरे, तिकडे कोणीतरी आहे’ म्हणायला लागला की त्याची श्रुतिका होते.

तारीख आणि कागद

पहिला बेत डिसेंबरचा होता. रात्र मोठी, उकाडा नाही. पण डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. पोलीस बंदोबस्तात अडकलेले, हॉटेलं भरलेली, गाड्यांचे भाव चढलेले. बाहेरून आणलेल्या साउंडवाल्याला खोली मिळेना आणि पोलीस ठाण्यात शूटिंगचा अर्ज वाचायला कोणाला वेळ नव्हता. म्हणून शूट संक्रांतीनंतर नेलं. जानेवारीतही तेरा तासांची रात्र मिळते. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे सहा बिनधास्त अंधार. मे महिन्यात हाच कार्यक्रम केला असता तर रात्र दोन तासांनी लहान आणि फोन तापून बंद. आयफोनसाठी कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा सांगते, आणि उन्हाळ्यात बंद वाड्याच्या भिंती रात्रीही गरम असतात. थंडीचा त्रास एवढाच की मध्यरात्रीनंतर तोंडातून वाफ दिसते आणि नऊ वाजता घेतलेल्या त्याच दृश्याच्या तुकड्यात ती नसते. त्यामुळे एका दृश्याचे तुकडे दोन वेगळ्या प्रहरांत घ्यायचे नाहीत, असं ठरलं.

खासगी वाड्यात शूट करायला मालकाची लेखी संमती पुरते, हा समज अर्धा खरा. इथे दोन भावांनी सह्या केल्या, भाडंही घेतलं. दुसऱ्या रात्री अकरा वाजता तिसरा वारस दारात उभा राहिला आणि त्याने शूट थांबवलं. एक रात्र गेली. वाडा घेताना आधी आखीव पत्रिका (शहरातल्या जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) काढावी, तिच्यावर जेवढी नावं असतील तेवढ्यांच्या सह्या घ्याव्यात, किंवा निदान एकाच्या नावाने बाकीच्यांचं मुखत्यारपत्र. करारात आणखी एक कलम हवंच: चित्रपटात वा जाहिरातीत वाड्याचं खरं नाव, दारावरची पाटी आणि गल्ली ओळखू येणार नाही. एकदा वाडा भुताचा म्हणून गाजला की त्याला भाडेकरू मिळत नाही, आणि मग तो राग युनिटवर निघतो.

रस्त्यावरची दृश्यं नव्हती. असती तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून परवानग्या काढाव्या लागल्या असत्या. स्थानिक ठाण्याला मात्र तारखा, वेळा, माणसांची यादी आणि ‘किंचाळण्याचे आवाज येतील’ हे स्पष्ट लिहिलेलं पत्र दिलं आणि त्याची पोच सेटवर ठेवली. शेजारच्या दहा-बारा घरांत तोंडी सांगून आले. कोणी ११२ ला फोन लावलाच, तर ही पोच दाखवून पाच मिनिटांत विषय मिटतो.

संहितेत काळी मांजर आणि घुबड होतं. दोन्ही काढली. प्राणी चित्रपटात वापरायचा तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी लागते, सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी तिचा कागद मागतात. आणि घुबडाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मांजरीचा नुसता आवाज ठेवला, तो जास्त लागू पडला.

तीन यंत्रं, तीन घड्याळं

हँडीकॅम मिनी-डीव्हीचा, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचा होता. चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, तेही इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली. एका तासाच्या टेपचा संगणकावर साधारण १३ जीबी डेटा होतो. फोनचं चित्र बिघडवून जुनं दाखवता येतं, मग खरा हँडीकॅम कशाला, असा वाद झाला. पण टेपचा ड्रॉपआउट (क्षणभर तुटणारं चित्र), उजेडाकडे वळल्यावर उठणारी उभी पांढरी रेघ आणि झूमची मोटर हे फिल्टरने नीट जमत नाही. चित्रपटातली अकरा मिनिटं टेपवर होती, तेवढ्यासाठी तो परवडला.

त्याने दिलेला त्रास असा. जुनी बॅटरी दहा मिनिटांत झोपली, म्हणून अडॅप्टर लावून वायर नटाच्या बाहीतून पाठीमागे नेली. आवाजाची सेटिंग १२ बिटवर होती. ती मेनूत जाऊन १६ बिट करावी लागते, नाहीतर ३२ किलोहर्ट्झचा आवाज बाकीच्या ४८च्या आवाजात मिसळताना डोकं उठतं. टेप संगणकात घ्यायला फायरवायर ही जुनी केबल-जोडणी लागते आणि ती आताच्या लॅपटॉपला नसते. जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायर कार्ड एवढं शोधावं लागलं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही केबलने घेतलं तर चित्र आणखी एक पायरी उतरतं. टेपेवरची तारीख चित्रात छापलेली नसते, ती वेगळा डेटा म्हणून नोंदली जाते, त्यामुळे फायरवायरने घेतलेल्या फुटेजमध्ये तारीख दिसतच नाही. ती एडिटमध्ये घालावी लागली, आणि तेच बरं झालं. फील्डचा क्रमही तपासायचा: डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, सॉफ्टवेअरने उलटं धरलं तर हलणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात.

फोनचा घोटाळा वेगळा. मूळ कॅमेरा ॲप ३० फ्रेम म्हणतं आणि उजेड कमी-जास्त झाला की गुपचूप २४, २७, ३० असं बदलत राहतं. अशा फुटेजवर बाहेरचा आवाज लावला की सुरुवातीला ओठ जुळतात आणि सहाव्या मिनिटाला सुटतात. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. फोनने शटर १/६० घेतलं की भिंतीवरून काळे पट्टे सरकायला लागतात. पहिल्या चाचणीत हे पट्टे आले तेव्हा कोणीतरी ‘राहू दे, भुताटकी वाटते’ म्हणालं. दर शॉटला तीच भुताटकी असेल तर प्रेक्षक बल्बला दोष देतो. उपाय फुकटात आहे: ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप टाकून २५ फ्रेम, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) आणि आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कुलूपबंद. आयएसओची कमाल मर्यादा ८०० ठेवली. स्वस्त एलईडी बल्ब तरीही लुकलुकतात; विकत घेतानाच दुकानात फोनच्या स्लो मोशनमध्ये बल्ब पाहून घ्यावा.

सीसीटीव्ही खरे लावले. चार चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे, १५ फ्रेम. डीव्हीआरचा वेळ चित्रावर छापू दिला असता तर पहाटे तीनचं दृश्य पहाटे तीनलाच घ्यावं लागलं असतं, किंवा दर टेकला घड्याळ फिरवावं लागलं असतं आणि रिटेकमध्ये सेकंद जुळले नसते. म्हणून मेनूतून वेळ बंद केला आणि नंतर तशाच अक्षरांत घातला. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करण्याची सोयही बंद करायची; ती पहिले एक-दोन सेकंद खाते, आणि दार उघडण्याचा क्षण नेमका त्याच सेकंदांत असतो. पेन ड्राइव्हवर काढलेल्या फाइली डीएव्ही स्वरूपात आल्या, त्या एडिटिंग सॉफ्टवेअरने उघडल्या नाहीत. डीव्हीआरच्या मेनूत एमपी४चा पर्याय होता, तो शूटच्या आधी पाहायला हवा होता. १५चं २५ फ्रेममध्ये रूपांतर करताना फ्रेम एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. त्या जशाच्या तशा पुन्हा वापरल्या की चाल अडखळती राहते, आणि सीसीटीव्हीला तीच शोभते.

काळी चंद्रकळा पांढरी झाली

सगळ्यात महाग धडा इथे होता. ‘ती’, म्हणजे वाड्यातलं भूत, काळ्या चंद्रकळा साडीत आहे, कपाळावर ठसठशीत कुंकू. फोनमध्ये ती छान अंधारात विरघळत होती. सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, दिवे बंद केल्यावर, तीच बाई पांढऱ्या साडीत आणि कोऱ्या कपाळाने उभी राहिली. शंभरदा पाहिलेलं पडद्यावरचं भूत.

कारण असं की अंधारात हे कॅमेरे ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड उजेडात पाहतात. डोळ्याला काळं दिसणारं कापड त्या लहरी शोषतंच असं नाही. बऱ्याच कृत्रिम काळ्या रंगात रंगवलेलं कापड त्या परत फेकतं आणि राखाडी-पांढरं दिसतं. लाल रंगाचंही तसंच, कातडीही त्या उजेडात फिकट, त्यामुळे कुंकू आणि कपाळ एक होऊन जातं. काजळी मात्र कार्बन, ती काळीच राहते. कापडाच्या दुकानात हे कळायला मार्ग नाही. एकच चाचणी आहे: एक कॅमेरा आणि डीव्हीआर टेबलावर ठेवून, खोली काळोखी करून, साड्यांचे तुकडे एकेक करून समोर धरायचे. आठ तुकड्यांतला एकच सुती तुकडा काळा राहिला आणि त्याच गठ्ठ्यातली साडी आणली. तोवर दोन दृश्यं वाया गेली होती.

कुंकू मात्र मुद्दाम तसंच ठेवलं. फोनमधल्या बाईच्या कपाळावर कुंकू आहे, सीसीटीव्हीतल्या बाईच्या नाही, आणि धाकटा भाऊ हे दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून पाहतो तेव्हा ते त्याच्या लक्षात येतं. यंत्राच्या मर्यादेतून आलेली अशी गोष्ट आयती मिळते, ती सोडू नये.

ह्याच इन्फ्रारेडने दोऱ्यांचंही पितळ उघडं पाडलं. कपाटाचं दार आपोआप उघडायला मासेमारीचा नायलॉन दोरा बांधला होता. फोनमध्ये अदृश्य, पण सीसीटीव्हीत कॅमेऱ्याच्याच एलईडीचा उजेड पडून तारेसारखा चमकला. काळा सुती दोरा लावला तर तो पांढरा दिसला, कारण रंगाची तीच गोष्ट. शेवटी दिव्याची काजळी तेलात कालवून दोऱ्याला चोळली. धूळ आणि डास मात्र आवरत नाहीत. लेन्ससमोरून उडाले की पांढरे गोळे तरंगताना दिसतात. शूटच्या दोन तास आधी खोलीत पाणी शिंपडायचं, झाडू मारायचा नाही. तरी आलेच गोळे, तर एखादा राहू द्यावा.

सात मिनिटांचा टेक

माजघरातून सुरू होऊन, जिन्याने माळ्यावर आणि परत चौकात, असा सात मिनिटांचा अखंड टेक चित्रपटाच्या मध्यावर होता. यात कॅमेरामन म्हणजे मधल्या भावाचं काम करणारा नट. डीओपीने (छायाचित्रण दिग्दर्शकाने) दोन दिवस त्याला फोन धरायला शिकवलं, कारण नटाचा हात दोन्हीकडून चुकतो. घाबरला की कॅमेरा इतका हलवतो की मोठ्या पडद्यावर मळमळ होते, आणि सावध झाला की एखाद्या व्यावसायिकासारखी स्थिर फ्रेम लावतो. कोपर पोटाला टेकवून चालणं, मान वळते तिकडे फोन थोडा उशिरा वळवणं, आणि प्रत्येक धावपळीनंतर फोन कुठेतरी टेकून तीन-चार सेकंद स्वस्थ राहणं, एवढ्यावर काम भागलं. हलणं नंतर एडिटमध्ये घालू, हा पर्याय फसवा आहे. तिथे सगळं चित्र एका पत्र्यासारखं हलतं, जवळचं आणि लांबचं वेगळं सरकत नाही. फोनमधलं स्टॅबिलायझेशन बंद ठेवलं, कारण धावताना ते चित्र जेलीसारखं ओढतं.

कॅमेरा चहूकडे फिरणार म्हटल्यावर युनिटने उभं कुठे राहायचं? साउंडवाला देवघरात, दोरे ओढणारे दोघे माळ्यावरच्या धान्याच्या कणगीमागे, दिग्दर्शक न्हाणीघरात, कानाला फक्त आवाज. फोनवरून वायफायने चित्र बाहेर घेता येतं, पण फोन तापतो आणि बॅटरी उतरते, म्हणून चित्र टेक संपल्यावरच पाहायचं. इशारे आवाजावर: नटाने ‘चौदा’ म्हटलं की दार, ‘एकवीस’ म्हटलं की जिन्यावरचा दिवा. मोजणी हे कथेचंच अंग असल्यामुळे इशारा संवादात लपून गेला.

हा टेक पहिल्या रात्रीत झाला नाही. एकदा पितळी डब्याच्या झाकणात साउंडवाल्याचा गुडघा दिसला. कलाविभागाने आदल्या दिवशी डबे चिंचेने घासून लखलखीत केले होते. मग मेण लावून त्यांची चमक मारली. एकदा जिन्यावर नटाचा पाय घसरला. त्यानंतर पायऱ्यांच्या कडेला रेडियमच्या टेपचे बोटभर तुकडे लावले, माळ्यावरच्या सडक्या फळ्या खडूने खूण करून बाद केल्या आणि चौकातल्या विहिरीवर जाड फळ्या ठोकल्या. ही कामं पहिल्या दिवशी उजेडात व्हायला हवीत. जुन्या वाड्यात विंचू, गांधीलमाश्यांचं पोळं आणि क्वचित साप हे गृहीत धरून एक गाडी किल्लीसकट दारात उभी ठेवायची आणि मेडिकल कॉलेजपर्यंतचा रस्ता ड्रायव्हरला माहीत हवा. धावायचं प्रत्येक दृश्य आधी दिवसा, मग दिवे लावून, मग अंधारात.

दिव्यांबद्दल थोडक्यात. फोनचा टॉर्च एकटा पुरत नाही, तो समोरचा चेहरा जाळतो आणि मागचं सगळं काळं करतो. माळ्यावर एक छोटा एलईडी पॅनल थर्माकोलवर मारून खाली जेमतेम उजेड उतरवला. पॅनल पाच टक्क्यांवर आणला की स्वस्त पॅनल लुकलुकतो. तो चाळीसवर ठेवून वर बटर पेपरचे थर लावायचे. सेटवर थोडं जास्त उजळ घ्यायचं आणि काळोख नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड ठरवताना करायचा. खऱ्या अंधारात घेतलेल्या फोनच्या चित्रात काळोखाऐवजी वळवळणारा चुरा मिळतो.

किंकाळी कधी मारायची?

रात्री दहा ते सकाळी सहा मोठा आवाज नको, हा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा भाग आणि शेजारधर्माचाही. पण दहाच्या आत गल्लीत दुचाक्या, कुकरच्या शिट्ट्या, आणि लग्नसराई असल्याने लांबून डीजे. म्हणजे संवाद अकरानंतरच नीट मिळणार आणि किंकाळ्या तर दहानंतरच मारता येणार नाहीत. तोडगा हा: रात्री नटीने तोंड पूर्ण उघडून, गळ्याच्या शिरा ताणून, पण आवाज न काढता किंचाळायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खोलीत, दारं लावून, तोच फोन तितक्याच अंतरावर धरून नुसत्या किंकाळ्या रेकॉर्ड करायच्या. हाताने तोंड झाकलेलं किंवा पाठ वळलेली असेल, तर जुळवणी कोणाला कळतही नाही.

तिघांनाही कपड्याआत कॉलर माइक आणि खिशात छोटा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी. फोनच्या माइकवर विसंबता येत नाही. त्याचा आपोआप आवाज वाढवणारा भाग कुजबुज चालू असताना रातकिडे वर आणतो, किंकाळी आली की सगळं दाबतो आणि मग दोन सेकंद श्वास घेतल्यासारखा परत वर येतो. टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी, म्हणजे घड्याळ किती सरकलं ते कळतं.

खरी पंचाईत पुढे आली. कॉलर माइकचा आवाज इतका स्वच्छ की दहा फुटांवरचा भाऊ कानाशी बोलतोय असं वाटायला लागलं. फोनने रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आहे हा सगळा भ्रम तिथेच फुटला. म्हणून एडिट झाल्यावर ते संवाद पुन्हा वाड्यात नेले, स्पीकर नटाच्या जागी ठेवून वाजवले आणि फोन कॅमेऱ्याच्या जागी धरून परत रेकॉर्ड केले. वाड्याचा घुमारा मिळाला, शब्दही राहिले. या कामाला चार दुपारी लागल्या आणि साउंडचे ५० हजार ८० हजारांवर गेले. प्रत्येक खोलीचा एक मिनिटाचा निव्वळ शांत आवाजही घेऊन ठेवायचा. फाउंड फुटेजमध्ये पार्श्वसंगीत नसतं, त्यामुळे दोन तुकड्यांच्या जोडावर रातकिड्यांचा सूर तुटला की तो कट बहिऱ्यालाही ऐकू येतो.

हिशेब

मूळ अंदाज असा होता: चार कलाकार १ लाख, पाच तंत्रज्ञ १ लाख २० हजार, वाड्याचं भाडं ४८ हजार, जेवण-चहा-प्रवास ४२ हजार, हँडीकॅम, डीव्हीआर, माइक, दिवे आणि हार्ड डिस्क मिळून ६५ हजार, कला आणि कपडे २० हजार, साउंड ५० हजार, राखीव ३० हजार. वारसाच्या भांडणात गेलेली रात्र भरून काढायला सातवी रात्र लागली, तिचे ३५ हजार. साउंडचे ३० हजार वाढले. राखीव रक्कम संपून बेरीज ५ लाख १० हजारांवर थांबली. चित्रासाठीचं सगळं यंत्र एकत्र धरूनही साउंडपेक्षा कमी पैशात आलं.

निर्मात्याला पटवताना ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सुमारे १५ हजार डॉलरमध्ये झाला हे उदाहरण हमखास पुढे येतं. तो ओरेन पेलीने स्वतःच्या घरात शूट केला होता. भाडं नाही, वारस नाही, शेजाऱ्यांना पत्र नाही. स्वतःचा वाडा असेल तरच तो आकडा बैठकीत काढावा.

डेटा साधा होता, पण आळस चालत नाही. ५० मेगाबिटच्या ४के चित्रीकरणाला मिनिटाला सुमारे ३७५ एमबी लागतात. नऊ तासांच्या फुटेजचे २०० जीबी. रोज पहाटे दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, दोन्ही वेगळ्या घरी, आणि फाइल उघडून पाहिल्याशिवाय फोन रिकामा करायचा नाही. फाइलच्या नावात रात्र, यंत्र, दृश्य, टेक. हे नाव सेटवरच दिलं नाही, तर तीन यंत्रांचं फुटेज एडिटला बसल्यावर आठवडाभर नुसतं ओळखतच बसावं लागतं.

एडिटमध्ये ग्लिचचा मोह आवरला. जोड लपवायला चित्र फाटल्यासारखं करायचं ही सगळ्यांना माहीत असलेली युक्ती आहे. पूर्ण चित्रपटात ती तीनदाच ठेवली आणि तिन्ही हँडीकॅमच्या टेपेवर, जिथे ती खरीच होती. बाकी जोड खांबावरून फोन वेगाने वळतो तिथे लपवले. सात मिनिटांच्या टेकमध्येही असे दोन जोड आहेत.

जाहिरातीत ‘सत्य घटना’ म्हणायचं नाही, हरवलेल्या माणसांची खोटी पत्रकं चिकटवायची नाहीत, हेही करारात लिहून घेतलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे. काल्पनिक भयपट दाखवायला त्याची आडकाठी नाही, पण जिवंत माणसांना घाबरवायला अफवा पसरवली तर ठाण्यात जाब द्यावा लागतो. थिएटरसाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतंच. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन थर झाले आहेत, आणि रक्त न दाखवता भीती घातल्यामुळे यातल्या मधल्या-वरच्या थराची आशा धरून चित्रपट कापला.

शेवटची चाचणी यूट्यूबवर खासगी लिंक टाकून, साध्या फोनवर, दिवा लावलेल्या खोलीत केली. दोन दोष निघाले. काळोखाच्या जागी चौकोनी ठोकळे पडले होते. सावल्या थोड्या उचलल्या आणि बारीक ग्रेन (चित्रावरचे दाणे) घातला, तेव्हा ते मोडले. ग्रेन फार झाला तर कॉम्प्रेशन त्याच्यावरच खर्च होतं, म्हणून तीन प्रमाणं करून पाहिली आणि मधलं ठेवलं. दुसरा दोष आवाजाचा. माळ्यावर गंगाळ सरकतं तो आवाज खर्जातल्या घरघरीवर बांधला होता, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ती घरघर येतच नाही. प्रेक्षकाला भावंडं विनाकारण दचकताना दिसत होती. तांब्याचं गंगाळ दगडी फरशीवर घासल्याचा कर्कश थर वरून चढवला. थिएटरच्या मिक्समध्ये तो थर सहा डेसिबलने खाली ठेवला आणि चित्रपटाच्या दोन वेगळ्या आवाजाच्या प्रती काढल्या.